माकडहाडाच्या दुखापतीनंतर पुन्हा गाडीवर: नवी सीट बसवून घेण्याचा माझा अनुभव

माकडहाडाला मार बसला की मोटारसायकल चालवायची का, चालवायची तर कोणत्या सीटवर, हे मी शोधत होते तेव्हा मराठीत फारसं काही हाती लागलं नव्हतं. जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात जे जे केलं, जेवढे पैसे लागले, जिथे जिथे थांबावं लागलं, ते सगळं क्रमाने लिहिते आहे. दुखापत प्रत्येकाची वेगळी असते, तेव्हा औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. सीटबद्दलचं मात्र बरंचसं कुणालाही उपयोगी पडेल असं वाटतं.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०. मी राहते पुण्यात आणि आई कराडला असते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा तरी गाडीने कराडला जायचं, ही माझी अनेक वर्षांची सवय.

जूनमध्ये पाऊस नुकताच सुरू झाला होता. सोसायटीच्या जिन्यात ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि मी पायरीच्या कडेवरच बसले. उठता आलं, चालताही आलं, म्हणून दोन दिवस शेक घेतला. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुर्चीत बसवेना तेव्हा ऑर्थोपेडिककडे गेले. त्यांनी एक्स-रे उभ्याने काढला आणि बसूनही. बसल्यावर माकडहाड किती वळतं ते उभ्याने काढलेल्या फिल्ममध्ये दिसत नाही, म्हणून दोन्ही काढतात. शेवटच्या टोकाला बारीक तडा होता. तिथे प्लास्टर घालता येत नाही. गोळ्या, विश्रांती, पोट साफ राहील असं खाणं आणि बसायला मागच्या बाजूने खाच असलेली उशी, एवढाच उपचार. मेडिकलवाला मधे भोक असलेली गोल उशी देत होता. डॉक्टरांनी ती नको म्हणून सांगितलं, कारण गोल उशीची मागची कड नेमकी दुखऱ्या जागीच टेकते. खाचेची उशी ९०० रुपयांना मिळाली. पुढे सीटचं सगळं गणित मला याच उशीमुळे उमगलं.

गाडी बंद ठेवायला सांगितलं होतं. भाऊ अधूनमधून येऊन ती फिरवून आणायचा, म्हणून बॅटरी शाबूत राहिली. ७ सप्टेंबरला गणपती बसले, तेव्हा कराडला एसटीने गेले. एसटीच्या सीटवर उशी टाकून बसणं आणि दर थांब्याला उतरून उभं राहणं हे जमत होतं. पण पार्किंगमध्ये गाडीवरून कव्हर ओढताना पोटात कसंतरी व्हायचं. ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी थोडं थोडं चालवायला परवानगी दिली. दसऱ्याला गाडी धुऊन हार घातला आणि सिंहगड रोडने खडकवासल्यापर्यंत गेले. अर्ध्या तासाच्या आत ठणका सुरू झाला. मूळ सीट वाईट आहे असं मी म्हणत नाही. याच सीटवर मी दिवसभर बसून कोकणात जाऊन आले आहे. पण ती जवळजवळ सपाट आहे आणि मला आता सपाट सीट चालणार नव्हती.

सीटवर पट्ट्याने बांधायचं जेलचं पॅड १,४०० रुपयांना आणलं. शहरात बरं वाटलं. पण वळणावर ते अंगाखालून किंचित सरकतं आणि उन्हात गाडी लावली की जेल चांगलंच तापतं. त्यावर उंचीही वाढते. माझी उंची पाच फूट चार इंच, गाडीच्या सीटची ८०४ मिलिमीटर. पॅड घातल्यावर सिग्नलला दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकायला लागले. पेट्रोलसकट दोनशे किलोच्या वर वजन असलेल्या गाडीवर हे मला चालणारं नव्हतं.

मग फिजिओथेरपीला जात होते तिथल्या मॅडमना गाडीवर बसल्याचा बाजूने काढलेला फोटो दाखवला. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टींवरच पुढचं सगळं उभं राहिलं. एक म्हणजे वजन माकडहाडावर यायलाच नको, ते दोन बाजूंच्या बसण्याच्या हाडांवर यायला हवं. मागे रेललं की माकडहाड दाबलं जातं आणि कमरेतून किंचित पुढे झुकलं की वजन बसण्याच्या हाडांवर जातं. दुसरी म्हणजे मऊ सीटच्या मागे लागू नकोस. फार मऊ फोममध्ये ही दोन हाडं खोल रुततात, मग मधला भाग वर येऊन माकडहाडालाच टेकतो. कडकपणा हवा तो हाडांखाली, आणि माकडहाडाखाली मोकळी जागा हवी.

बसण्याच्या हाडांमधलं अंतर घरीच मोजता येतं. लाकडी स्टुलावर कोऱ्या खोक्याचा जाड पुठ्ठा ठेवायचा, त्यावर किंचित पुढे झुकून बसायचं, पाय थोडे वर उचलायचे आणि मिनिटभराने उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेपने मोजायचं. माझं साडेतेरा सेंटीमीटर आलं. सीट मागवण्याआधी हे जरूर करा, कारण विकणारा रंग विचारतो, शिलाईची नक्षी विचारतो, पण हे विचारत नाही.

दिवाळीपर्यंत मी तीन पर्याय तोलत होते. गाडीच्या कंपनीचीच जास्त फोमची टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाची, सीट हा पहिला. ती अचूक बसते आणि वॉरंटीचा प्रश्न येत नाही, पण आकार ठरलेला. दुसरा म्हणजे मूळ सीटच उघडून पुण्यात नाना पेठेत फोम बदलून घेणं. दोन-अडीच हजारांत काम होतं, पण बिनसलं तर परतीची वाट नाही. तिसरा म्हणजे बाहेरची तयार सीट, नव्या पॅनसकट. पॅन म्हणजे फोमच्या खालचा फायबरचा साचा. माझी मूळ सीट जशीच्या तशी घरात राहील, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तयार सीट आणायची आणि खाच इथल्या कारागिराकडून पाडून घ्यायची असं ठरवलं.

त्याआधी दोन ठिकाणी चौकशी केली. ती सविस्तर लिहिते, कारण याबद्दल गाडीवाल्यांमध्ये बरीच भीती असते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला (आरसीतला) तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर फोम किंवा रेक्झिनची नोंद नसते, आसनक्षमतेची असते. माझ्या आरसीवर ती चालकासह दोन आहे आणि नव्या सीटवरही दोघंच बसणार होते. पत्ताबदलाच्या कामासाठी आरटीओत गेले होते, तेव्हा खिडकीवर हाच प्रश्न विचारला. दोनाची एक किंवा दोनाची तीन करत नसाल आणि चॅसिसला हात लावत नसाल, तर सीटसाठी इथे काही अर्ज नाही, असं उत्तर मिळालं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सुद्धा वाचून ठेवा. मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण लागतं. काही बाहेरच्या सीटवर मागे बसणाऱ्याने धरायचा मधला पट्टा नसतो. गाडीला मागे धरायची दांडी असेल तर ती ठेवा. सीट दिसायला छान वाटते म्हणून ती काढून टाकू नका.

दुसरी चौकशी सर्व्हिस सेंटरला, आणि तीही ईमेलवर. तोंडी उत्तर काउंटरवरचा माणूस बदलला की बदलतं. मी लिहिलं: सीट मूळ लॉकवरच बसणार आहे, वायर कापायची नाही, फ्रेमला भोक पाडायचं नाही, तर वॉरंटीवर परिणाम होईल का? चार-पाच दिवसांनी उत्तर आलं. नव्या सीटची जबाबदारी आमची नाही, तिच्यामुळे फ्रेम घासली किंवा वायर दबली तर तेवढा भाग वॉरंटीत धरला जाणार नाही, बाकी वॉरंटी कायम. मेलचा प्रिंट काढून गाडीच्या फायलीत ठेवला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, भाऊबीज आटोपल्यावर, दिल्लीच्या एका विक्रेत्याकडे सीट मागवली. किंमत ६,८०० रुपये, कुरिअर ३५०. बिलात मूळ किंमत ५,३१२.५० आणि तेव्हाच्या २८ टक्के दराने आयजीएसटी १,४८७.५०. (सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेने कारच्या सीटवरचा कर १८ वरून २८ टक्के केला. मोटारसायकलच्या सीटवर तो आधीपासूनच २८ होता.) बिल आवर्जून पक्कं घ्या. पुढे विम्याला लागतं.

मागवताना फॉर्ममध्ये उंची, वजन, मागे कुणी बसतं का, रोज किती चालवता, एवढं विचारलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात मी तीन गोष्टी लिहिल्या: हाडांमधलं अंतर साडेतेरा सेंटीमीटर, फोम मध्यम कडक, आणि टाकीजवळचा भाग अरुंद. हे तिसरं बुटक्या माणसांनी लक्षात ठेवावं. पाय जमिनीला पोहोचणं नुसत्या उंचीवर ठरत नाही, मांड्या किती फाकतात त्यावरही ठरतं. पुढून निमुळती सीट दोन सेंटीमीटर उंच असली तरी पाय तितकेच टेकू शकतात.

फोमबद्दल विक्रेत्याशी फोनवर बरंच बोलले. घनता आणि कडकपणा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे घनमीटरमागे किती किलो, आणि ती जास्त असेल तर फोम लवकर दबून बसत नाही. कडकपणा म्हणजे दाबायला किती जोर लागतो. जास्त घनतेचा फोम मऊही असू शकतो. दुकानात अंगठ्याने दाबून काही कळत नाही, गुडघा रोवून सगळं वजन टाका आणि सावकाश दहा आकडे मोजा. खालचा पॅन गुडघ्याला लागला तर ती सीट लांबच्या प्रवासाला कामाची नाही. मेमरी फोम मी नको म्हटलं. तो उबेने मऊ होतो आणि थंडीत कडक, म्हणजे पहाटे एक सीट आणि दुपारी दुसरीच.

तीन आठवडे म्हणाले होते, पार्सल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर तक्रार घेणार नाही, अशी अट होती. भाच्याला मोबाईल धरायला लावला आणि चिकटपट्टी कापण्यापासून सीट उलटी करून दाखवण्यापर्यंत सगळं टिपून ठेवलं. हे करून ठेवलं ते फार बरं झालं.

या गाडीची सीट काढायला हत्यार लागत नाही. डावं साइड पॅनल किल्लीने उघडायचं, आतली कडी ओढायची, सीटची मागची बाजू उचलायची आणि मागे ओढून घ्यायची. बसवताना उलट. पुढची जीभ टाकीच्या मागच्या पट्टीखाली सरकवायची आणि मागून दाबायचं, खट्ट आवाज आला की बसली. नव्या सीटने आवाज दिला, पण मी वर बसून कंबर हलवली की सीट उजवीकडून डावीकडे डुगडुगायची. मागून जोरात उचलली तर लॉक सुटल्यासारखं वाटायचं. अशी सीट चालत्या गाडीवर उसळली तर काय होईल ते सांगायला नको. ती चालवून बघायची नाही हे तिथेच ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही सीट घेऊन ओळखीच्या मेकॅनिककडे गेले.

मेकॅनिकदादांनी जे केलं ते कुणालाही घरी करता येईल. सीटच्या खाली चार रबरी बुश असतात, त्यांच्यावर ती फ्रेमवर टेकते. त्यांनी चारही रबरांना बोटाने ग्रीस लावलं, सीट बसवली, मला वर बसवलं आणि मग अलगद काढली. फ्रेमवर तीनच ठसे उमटले होते. मागचं उजवं रबर टेकतच नव्हतं. "ताई, हे रबर बुटकं आहे, आणि ही सीटची मागची, लॉकमध्ये अडकणारी कडी बघा, मूळ सीटपेक्षा तीन-चार मिलिमीटर पुढे आहे. लॉक अर्धवटच पकडतंय." दोन्ही सीट उलट्या शेजारी ठेवून पट्टीने मोजून दाखवलं. मी त्याचे फोटो काढले, पट्टीवरचे आकडे दिसतील असे.

विक्रेत्याला व्हिडिओ आणि फोटो पाठवले. सुरुवातीला "जोर लावून दाबा, बसेल" असं उत्तर आलं. मी मोजमापासकट परत लिहिलं आणि सीट लॉकमध्ये पूर्ण अडकत नाही, हा सुरक्षेचा मुद्दा आहे, एवढंच म्हटलं. तक्रार करताना भांडणाचा सूर न लावता आकडे द्यावेत असा माझा अनुभव आहे, आकड्यांना उत्तर द्यावंच लागतं. त्यांनी दोन पर्याय दिले: सीट माझ्या खर्चाने परत पाठवायची, नाहीतर लांबट भोकांची नवी कडी ते फुकट पाठवतील. मी कडी मागवली. ती यायला दहा-बारा दिवस गेले. तोवर मूळ सीट गाडीवर आणि नवी कपाटावर.

नाताळच्या सुमारास कडी आली. लांबट भोकांमुळे ती पुढे-मागे सरकवून हवी तिथे आवळता येते. रबराची जोडी नवी घातली, १२० रुपये. मजुरी २००. पुन्हा ग्रीस, पुन्हा ठसे, आणि आता चारही उमटले. दादांनी सीट धरून गाडीचं मागचं टोक उचलायचा प्रयत्न केला आणि लॉक ढिम्म हललं नाही. शेवटी सीटखालच्या वायरी कुठे चिमटत नाहीत ना ते टॉर्चने बघितलं आणि एका जागी पॅनची धारदार कड होती ती कानसने घासली. कुणी सीट बसवून देत असेल तर हे चार ठसे, लॉक आणि वायरी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता खाच. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी वहिनीला घेऊन नाना पेठेत गेले. दुचाकीच्या सामानाची ती पेठ, एका गल्लीत सायलेन्सर, दुसरीत सीट. दोन-तीन ठिकाणी मला हवं ते सांगितल्यावर "मॅडम, जेल टाकून देतो, गादी होईल" एवढंच ऐकायला मिळालं. एका लहानशा गाळ्यातल्या काकांनी मात्र मी सोबत नेलेली खाचेची उशी हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "दुखतं कुठं, आणि पडला होता का तुम्ही?" तिथेच मी थांबले.

बायकांसाठी एक सांगते. नेमकी जागा दाखवावी लागते, त्यामुळे बरोबर घरातलं कुणी असलं की संकोच राहत नाही. मी नेहमीच्या पवित्र्यात गाडीवर बसले, वहिनीने माझ्या पाठीमागे बोट धरून जागा दाखवली आणि काकांनी सीटवर खडूने रेघ मारली. मग ब्रेक मारल्यासारखं पुढे सरकायला लावलं, मग मागे रेलायला. तीन रेघा झाल्या. काका म्हणाले, "खाच या पहिल्या रेघेच्या दोन बोटं पुढून सुरू करू, आणि मागच्या उंचवट्यापर्यंत नेऊ. हा उंचवटाच तुम्हाला टोचणार." टूरिंग सीटला चालकाच्या मागे जी पायरी असते, ती बहुतेकांना टेकायला बरी वाटते. माझ्यासारखीच्या माकडहाडाला मात्र ती पहिली लागते. त्यांच्या नजरेला ते लगेच दिसलं.

कव्हर उघडलं की विक्रेत्याची सहा महिन्यांची हमी संपते, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. तरीही हो म्हटलं.

स्क्रूड्रायव्हरने एकेक स्टेपल पिन उपटून त्यांनी रेक्झिन मागच्या अर्ध्यापर्यंत सोडवलं. हॅकसॉचं पातं, त्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. ते फोमवर दाबत नव्हते, लांब लांब ओढत होते, आणि फोमच्या पिवळट फाका सलग निघत होत्या. खाच मागच्या बाजूला सहा सेंटीमीटर रुंद, पुढे निमुळती, चार सेंटीमीटर खोल. तळाशी दोन सेंटीमीटर फोम ठेवला, नाहीतर खड्ड्यात पॅनचा दणका बसतो. कडा सरळ न ठेवता उतरत्या केल्या आणि ग्राइंडरला सॅंडपेपरची चकती लावून गुळगुळीत केल्या. मागची पायरी तिरकी छाटली. मग वरून बारा मिलिमीटरचा मऊ फोमचा थर, दोन्ही बाजूंना गोंद लावून, बोटाला चिकटेनासा झाल्यावरच दाबला.

त्यानंतर काकांनी जे सांगितलं ते मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. खाच पाडली आणि वरून रेक्झिन ताणून बसवलं, तर ते खाटेच्या नवारीसारखं ताठ राहतं. खाली खड्डा असून उपयोग नाही, माकडहाड त्या ताणलेल्या रेक्झिनवरच टेकतं. म्हणून त्यांनी मधली शिवण उसवून एक अरुंद जोडपट्टी घातली, म्हणजे रेक्झिन खाचेत उतरून बसेल. कुणाकडूनही खाच करून घ्याल तेव्हा हे स्वतः विचारा. बोटांनी दाबून बघा, कापड खाचेच्या तळाला लागलं पाहिजे.

पाण्याचंही बोलून घ्या. शिवणीच्या सुईच्या भोकांतून पावसाचं पाणी आत जातं आणि फोम एकदा भिजला की बसल्यावर दोन दिवस पँट ओली होते. रेक्झिनखाली पातळ प्लास्टिकचा कागद घालायला सांगितला आणि पिना स्टीलच्या लावायला. साध्या पिना पावसाळ्यात गंजतात आणि कव्हर कडेने सुटतं.

काम संध्याकाळी झालं, पण गोंद वाळायला सीट दोन रात्री तिथेच ठेवावी लागली. मूळ सीट रिक्षातून सोबत नेली होती म्हणून गाडी घरी आणता आली. मजुरी आणि सामान मिळून १,१०० रुपये. काका पैसे घेताना म्हणाले, "महिनाभर चालवा, मग या. फोम बसला की कुठं घ्यायचं, कुठं भरायचं ते कळेल. त्याचे पैसे नाही."

सोमवारी बसवली. पहिल्या दिवशी ऑफिसला आणि परत, बास. नव्या सीटवर अंगाला नवी जागा कळायला वेळ लागतो, मांड्यांचे स्नायू दुखतात, आणि ते दुखणं व माकडहाडाचं दुखणं यांत फरक करायला शिकावं लागतं. मी मोबाईलमध्ये टिपून ठेवायला लागले: निघाले किती वाजता, पहिला ठणका किती वाजता, उतरल्यावर किती वेळात शमला. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेच दाखवलं.

१४ जानेवारीला संक्रांत. कराडला जायचं ठरवलं, पण भाऊ मागून कारने येणार होता. त्रास झाला तर त्याने गाडी घ्यायची आणि मी कारमध्ये बसायचं, असं आधीच ठरलं होतं. पहिल्या मोठ्या प्रवासाला अशी सोय जरूर ठेवा, मन शांत राहतं. पहाटे थंडीत कात्रजचा बोगदा ओलांडला. खेड शिवापूरच्या पुढे चहाला थांबले, तेव्हा दुखत नव्हतं. तरी उतरले, पाच मिनिटं चालले, खांद्यातून आणि कमरेतून वाकले. दुखायच्या आधी थांबायचं, हा फिजिओ मॅडमचा नियम. खंबाटकी घाट चढताना वळणांवर अंग आपोआप पुढे झुकतं, तिथे सगळ्यात आराम वाटला. रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पुलांच्या सांध्यांवर फूटरेस्टवर वजन देऊन बोटभर उठायचं. खरा दणका तिथे बसतो, आणि तो सीट कितीही चांगली असली तरी बसतोच.

साताऱ्याच्या अलीकडे पहिल्यांदा जाणवलं. निघून दीड तासापेक्षा जास्त झाला होता, थांबे धरून. ऑक्टोबरमधला ठणका नव्हता, नुसती जाणीव होती. साताऱ्याला अर्धा तास थांबले आणि मग उरलेलं अंतर सावकाश कापलं. कराडला दारात गाडी लावली तेव्हा आई बाहेरच उभी होती. तिने आधी भावाची कार कुठे आहे ते विचारलं, मग माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन तिळगूळ घेऊन आली. मला रडू आलं. सात महिन्यांनी मी माझ्या गाडीने माझ्या घरी आले होते.

परतताना दुखलं. दोन दिवस राहून निघाले तरी साताऱ्याच्या आधीच सुरू झालं आणि शिरवळजवळ भावाने गाडी घेतली. हे मुद्दाम लिहिते. सीटने दुखापत बरी होत नाही, दुखणं उशिरा सुरू होतं आणि लवकर शमतं, एवढंच होतं. मला तेवढं पुरेसं आहे.

फेब्रुवारीच्या मध्यात काकांकडे परत गेले. फोम थोडा दबला होता आणि डाव्या बाजूला जास्त, कारण दुखरी बाजू वाचवताना मी नकळत डावीकडे झुकत होते. त्यांनी डाव्या बाजूला बोटभर जाडीचा तुकडा चिकटवला. त्यांनी शब्द पाळला, पैसे घेतले नाहीत. मी चहा सांगितला. त्या बसण्याबद्दल फिजिओ मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी कमरेचे दोन व्यायाम वाढवून दिले.

त्याच महिन्यात विम्याचं नूतनीकरण होतं. फॉर्ममध्ये विजेवर न चालणाऱ्या ऍक्सेसरीजसाठी वेगळा रकाना असतो. तिथे सीटची किंमत भरली आणि बिल जोडलं. हप्ता किंचित वाढला, पण गाडी चोरीला गेली तर ही रक्कम धरली जाते. न सांगितलेली ऍक्सेसरी दाव्यात धरत नाहीत.

जेलचं पॅड आणि उशी सोडून सगळा खर्च साडेआठ हजारांच्या आसपास गेला: सीट आणि कुरिअर ७,१५०, रबरं आणि मेकॅनिक ३२०, खाच १,१००. मूळ सीट जुन्या चादरीत गुंडाळून उभी न ठेवता आडवी ठेवली आहे, वर काही न लादता, म्हणजे फोमचा आकार बिघडत नाही. गाडी विकायची वेळ आली तर तीच परत लावून द्यायची.

एक काम अजून राहिलं आहे. आई मागे बसते ती एका बाजूला पाय सोडून, आणि नव्या सीटला मधला पट्टा नाही. मागची दांडी आहे, पण अशा बसण्यात तिचा हात तिथे नीट पोहोचत नाही. काका म्हणाले, पट्टा नुसता रेक्झिनला शिवून चालत नाही, माणसाचं वजन आलं की शिवण उसवते. तो पॅनमधून बोल्टने आवळावा लागतो आणि त्यासाठी मागचं कव्हर पुन्हा उघडावं लागेल. होळीनंतर आई पुण्याला येणार आहे. तिलाच गाळ्यात घेऊन जाऊन, तिचा हात कुठे पडतो ते बघून पट्ट्याची जागा ठरवणार आहोत.